कॅमेरा उभा, फ्लॅश आडवा

हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, आकडे पुन्हा तपासलेत, बाकी सगळं जसं बोललो तसं.

आजचा विषय वरवर पाहता फारच बारीक आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर मोठा, जड फ्लॅश लावलाय आणि तुम्ही उभा फोटो काढायला कॅमेरा फिरवला, तर काय होतं? तुम्ही म्हणाल, काय होणार, फोटो उभा येणार. मीही तेच म्हणायचो.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. तिसऱ्या दिवशी काका माझ्या खोलीत आले. म्हणाले, "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना रे? अण्णांचा एखादा चांगला उभा फोटो शोधून दे. फ्रेम करायचीय, दहाव्याच्या आत पाहिजे."

आपल्या घरांत भिंतीवर हार घालून लावलेला फोटो उभाच असतो, बघा कधी. आणि बऱ्याचदा तो कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला असतो. शेजारी अर्धा खांदा दिसतो तो आत्याबाईंचा. आमच्याकडे निदान ही वेळ येणार नाही, असं मला वाटत होतं. कारण तीनच महिने आधी ताईच्या साखरपुड्याला फोटोग्राफर मीच होतो. ताई म्हणजे चुलत बहीण. नगर नाक्याकडच्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, आणि सगळ्यांना उभेच फोटो हवे होते, कारण स्टेटसला आडवा फोटो लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात.

अण्णांचे उभे फोटो निघाले अकरा. दोन पूर्ण काळे. एक पांढराफटक. तीनमध्ये मागचा दरवाजा असा कललेला की अण्णा बोटीत उभे आहेत असं वाटावं. उरलेल्या पाचांत अण्णा छान हसतायत, पण त्यांच्या डाव्या कानाशेजारी, क्रीम रंगाच्या भिंतीवर, कात्रीने कापल्यासारखी काळी सावली. टोपीसकट. जणू अण्णांच्या मागे अजून एक अण्णा उभे आहेत आणि डोकावून बघतायत.

छावणीच्या बाजारातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे पेनड्राईव्ह घेऊन गेलो. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "फ्लॅश तुझ्या डाव्या हाताला होता ना?" मी म्हटलं, फ्लॅश तर कॅमेऱ्याच्या वर होता. ते हसले. "कॅमेरा आडवा असतो तेव्हा वर. तू उभा केलास की फ्लॅश वर राहतो का?"

राहत नाही. एवढीच गोष्ट आहे. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला ती कळायला अठ्ठावीस वर्षं लागली. कॅमेरा उभा केला की फ्लॅश आडवा होतो, आणि आपल्या भाषेतल्या दोन्ही अर्थांनी आडवा येतो. वजनाच्याही आणि उजेडाच्याही.

आधी वजन बघू.

कॅनन २०० डी मार्क टू हा आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात बऱ्याचदा दिसणारा कॅमेरा. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचं वजन ४४९ ग्रॅम. त्याच कंपनीचा मोठा फ्लॅश, ६०० ईएक्स टू-आरटी, ४३५ ग्रॅम, तोही बॅटऱ्यांशिवाय. त्यात चार पेन्सिल सेल टाका, रिचार्जेबलवाले, की अजून शंभर-एक ग्रॅम. म्हणजे डोकं धडापेक्षा जड झालं. बाकी कंपन्यांचे मोठे फ्लॅशही याच आसपास आहेत. त्यांचं वजन उगाच नसतं. आत एक मोठा कपॅसिटर असतो, तो तीनशेच्या आसपास व्होल्टला भरतो आणि क्षणात रिकामा होतो. शिवाय चार सेल, आणि उजेडाचा झोत अरुंद-रुंद करायची छोटी मोटर. (एक सूचना: फ्लॅश कधीही उघडू नका. सेल काढले तरी कपॅसिटर भरलेला राहू शकतो आणि झटका जोरात बसतो.)

आता डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई आठवा. भरलेला हंडा डोक्यावर असतो तोवर ती बोलत बोलत चालते. तोच हंडा हात लांब करून बाजूला धरायला सांगा, दहा पावलं जाणार नाही. वजन तेवढंच असतं, फक्त आधारापासून बाजूला गेलेलं असतं. कॅमेरा आडवा असताना फ्लॅशचं वजन लेन्सच्या बरोबर वर असतं, म्हणजे डोक्यावरचा हंडा. कॅमेरा फिरवला की तेच वजन बाजूला लटकतं.

किती लटकतं? फ्लॅशचा भार जिथे एकवटतो ती जागा लेन्सच्या मध्यापासून साधारण १६ सेंटिमीटरवर येते. घरी करून बघायचं असेल तर शाळेतल्या सहा इंची पट्टीच्या टोकाला अर्धा किलो साखरेची पुडी बांधा, दुसरं टोक चिमटीत पकडा आणि पट्टी आडवी ठेवा. दोन तास. मध्ये मध्ये हसऱ्या चेहऱ्याने "इकडे बघा" असंही म्हणायचं. बीटेकच्या पहिल्या वर्षाला आम्ही यालाच मोमेंट म्हणायचो आणि परीक्षेपुरतं पाठ करायचो. पुढे कुठे उपयोग होईल असं काही वाटलं नव्हतं.

याचा पहिला परिणाम मनगटावर होतो. दुसरा तुमच्या लक्षात येत नाही, तो फोटोत येतो: मनगट थकलं की कॅमेरा फ्लॅशच्या बाजूला एक-दोन अंश कलतो. समोर नुसता चेहरा असेल तर खपून जातं. मागे मंडपाचे खांब किंवा दरवाजाची चौकट असेल तर पकडला जातो. अण्णांची बोट ती हीच.

तिसरा परिणाम मला त्या दिवशी हॉलमध्येच भोवला, आणि मी त्याचं निदान चुकीचं केलं. मधूनच एखादा फोटो पूर्ण काळा येत होता. फ्लॅश उडालाच नाही. मला वाटलं सेल गेले. नवीन टाकले. पुन्हा काळा. मग वाटलं फ्लॅश तापला. थांबलो. तेवढ्यात नवरामुलगा अंगठी घालून मोकळा झाला होता, ताईने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. पुन्हा अंगठी काढून घालायला लावली, सगळे हसले, मी घामाघूम.

झालं होतं असं. फ्लॅशचा पाय कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवतात, तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध सहसा एक गोल संपर्कबिंदू असतो, "उड" हा निरोप तिथून जातो. बाकीच्या छोट्या बिंदूंमधून किती जोराने उडायचं वगैरे बोलणं होतं. पायाजवळ एक चाक किंवा खटका असतो, तो घट्ट करायचा असतो. मी घाईत अर्धवट फिरवला होता. कॅमेरा आडवा होता तोवर फ्लॅश स्वतःच्या वजनाने खाचेत दबून बसला होता, म्हणून काही बिघडलं नाही. उभा केला की तेच वजन त्याला खाचेतून उचकटायला लागलं. अर्धा मिलिमीटर सरकला की मधला संपर्क तुटतो आणि फोटो काळा. मधला राहिला आणि बाकीचे सुटले, तर ऑटोवर ठेवलेला फ्लॅश पूर्ण ताकदीने उडू शकतो. तो पांढराफटक फोटो त्यातलाच. आडवे सगळे फोटो व्यवस्थित होते. हा पुरावा डोळ्यांसमोर होता. कोडमध्ये असा बग असता तर मी पाच मिनिटांत विचारलं असतं, "नेमका कधी येतो?" इथे विचारलंच नाही.

म्हणून: खटका घट्ट, प्रत्येक वेळी. आणि फ्लॅश लावलेला कॅमेरा बॅगेत टाकायचा नाही, फ्लॅशला धरून उचलायचा तर मुळीच नाही. पाय मोडला तर बहुतेक वेळा फ्लॅशचाच मोडतो आणि तो बदलता येतो, पण हॉट शू वाकला तर कॅमेराच दुरुस्तीला जातो.

धरायचं कसं? भार डाव्या तळहातावर, लेन्सच्या खाली. उजवा हात बटणासाठी. बहुतेक जण कॅमेरा उभा करताना उजवा हात वर नेतात, मग कोपर पंखासारखं बाहेर येतं आणि सगळा पीळ त्याच मनगटात. उलट फिरवून बघा, बटण खाली येईल असं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकतात. सुरुवातीला डाव्या हाताने जेवल्यासारखं वाटतं, दहा मिनिटांत सवय होते. पण थांबा, कुठल्या बाजूला फिरवायचं हे फक्त मनगटाने ठरवायचं नसतं. कारण त्यावरच सावली कुठे पडणार ते ठरतं.

आता उजेड.

कॅमेरा आडवा असताना फ्लॅश लेन्सच्या वर असतो, त्यामुळे सावली माणसाच्या मागे, थोडी खाली पडते. म्हणजे त्याच्याच खांद्यांआड लपते. सावली असतेच, आपल्याला दिसत नाही इतकंच. कॅमेरा उभा केला आणि फ्लॅश डावीकडे गेला, की सावली उजवीकडे सरकते आणि चेहऱ्याशेजारी उघडी पडते.

मग फोनला हा त्रास का नाही? फोन तर आपण जन्मजात उभाच धरतो. कारण फोनचा दिवा लेन्सला जवळजवळ चिकटून असतो, एक-दोन सेंटिमीटरवर. सावली पडते ती माणसाच्या बरोबर मागे. त्या दिव्यात दम नसतो, चेहरे सपाट येतात, डोळे चमकतात, हे सगळं खरं. पण शेजारी दुसरे अण्णा उभे राहत नाहीत. आपली पिढी फोनवर उभे फोटो काढत मोठी झाली आणि तीच सवय घेऊन मोठ्या कॅमेऱ्याकडे आली. माझं तरी तसंच झालं.

सावली किती रुंद येईल याचं गणित सोपं आहे. लेन्सपासून फ्लॅशचं अंतर, गुणिले माणसापासून भिंतीचं अंतर, भागिले तुमच्यापासून माणसाचं अंतर. अण्णा भिंतीपासून फूटभर पुढे होते, म्हणजे ३० सेंटिमीटर. मी दोन मीटरवर. १६ गुणिले ३० भागिले २००, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर. चेहऱ्याची रुंदी पंधरा-सोळा धरली तर सहावा हिस्सा. डोळ्यात भरणारच.

सगळे सांगतात, माणसाला भिंतीपासून लांब उभं करा, सावली जाते. हे अर्धसत्य आहे. गणितातच बघा, भिंत लांब गेली की सावली अजून बाजूला सरकते. दीड मीटरवर नेली तर १२ सेंटिमीटर. मग फायदा कशाचा? एक म्हणजे कडा मऊ होतात. दुसरं जास्त महत्त्वाचं: उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. माणूस दोन मीटरवर आणि भिंत साडेतीन मीटरवर असेल तर चेहऱ्याला मिळालेल्या उजेडाचा तिसरा हिस्साच भिंतीला मिळतो. भिंतच काळवंडते, मग तिच्यावरची सावली उठून दिसत नाही. जागा असेल तर जरूर न्या. पण साखरपुड्याच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून खुर्च्या आणि खुर्च्यांत सगळी वडीलधारी मंडळी. कुणाला म्हणणार, काकू, दीड मीटर पुढे सरका?

तिथे कामाला येते ती बाजूची निवड. एकटा माणूस डावीकडे बघत असेल तर फ्लॅश डावीकडे येईल असा कॅमेरा फिरवा. उजेड चेहऱ्यावर जातो, सावली डोक्याच्या मागे. नवरा-नवरी शेजारी उभे असतील तर ज्या बाजूला फ्लॅश, त्या बाजूच्या माणसाची सावली दुसऱ्यावर पडते. फेटा बांधलेला नवरा फ्लॅशच्या बाजूला असेल तर त्याच्या फेट्याची सावली नवरीच्या गालावर. त्यामुळे उंच माणूस फ्लॅशच्या विरुद्ध बाजूला राहील असं बघायचं. लक्षात ठेवायला: बटण वर, तर फ्लॅश तुमच्या डावीकडे. बटण खाली, तर उजवीकडे.

हे झालं थेट फ्लॅश मारायचा तर. पण महागड्या फ्लॅशचं डोकं फिरतं, ते काही शोभेसाठी नाही. आडव्या कॅमेऱ्यावर आपण डोकं वर उचलतो आणि उजेड छतावर आपटवून खाली आणतो. उभ्या कॅमेऱ्यावर बरेच जण तेच करतात, डोकं उचलतात, आणि मग उजेड छताकडे न जाता बाजूच्या भिंतीकडे जातो. कारण फ्लॅशचं "वर" आता "बाजू" झालंय.

छत हवं असेल तर असं करा. बटण वर ठेवून कॅमेरा उभा. फ्लॅशचं डोकं उचलू नका, समोर बघतंय तसंच राहू द्या. आता ते कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला ९० अंश वळवा. कॅमेऱ्याची उजवी बाजू आता वर आहे, म्हणून डोकं छताकडे बघतं. बटण खाली असेल तर डाव्या अंगाला वळवा. काही फ्लॅश एका बाजूला १८० अंश फिरतात आणि दुसऱ्या बाजूला ९० लाच अडतात. उजेड छतावर पण थोडा तुमच्या पाठीमागे टाकायचा असेल, तर जास्त फिरणारी बाजू वर येईल असा कॅमेरा धरा. आणि ज्या छोट्या फ्लॅशचं डोकं नुसतं वर-खाली होतं, वळत नाही, त्याने उभ्या कॅमेऱ्यावरून छत गाठताच येत नाही. विकत घेताना दुकानात हे हाताने फिरवून बघा. बॉक्सवर कुणी लिहीत नाही.

मात्र मला स्वतःला छतापेक्षा ती "चुकलेली" बाजू जास्त आवडायला लागलीय. कॅमेरा उभा असताना डोकं सरळ उचललं की झोत डावीकडच्या भिंतीवर जातो. ती भिंत दोन-तीन मीटरवर आणि पांढरी असेल तर ती आख्खी भिंतच खिडकी होते. चेहऱ्यावर एका बाजूने मऊ उजेड, सुरकुत्या जिवंत दिसतात, डोळ्यांत पाणीदार ठिपका येतो. आडव्या कॅमेऱ्यावर हेच करायला डोकं वळवावं लागतं, उभ्यावर ते आपोआप होतं. रंग मात्र बघून घ्या. आमच्या छावणीतल्या जुन्या घरांत छतं उंच, काही ठिकाणी कौलं, उजेड वर गेला तो गेलाच. आणि भिंतीला निळसर चुना. निळ्या भिंतीवरून आलेल्या उजेडात आत्या आजारी दिसते. मंडपात तर छत म्हणजे गुलाबी कापड. तिथे उजेड आपटवलात तर सगळं वऱ्हाड गुलाबी.

आपटवल्याने उजेड बराच कमी होतो, दोन स्टॉप तर सहज. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, दोन म्हणजे चौथाई. म्हणूनच जड फ्लॅशचं ओझं घ्यायचं. हलका फ्लॅश समोर मारायला पुरतो, भिंतीवरून परत यायला त्याच्यात दम उरत नाही.

बाहेर गेलात की हिशेब बदलतो. आमच्याकडून बीबी का मकबरा जवळ. मागे चार उंच मिनार, त्यामुळे तिथे येणारा प्रत्येक माणूस कॅमेरा उभा करतोच. संध्याकाळी सूर्य मागे असताना चेहरा काळा पडू नये म्हणून थेट फ्लॅश मारला तरी चालतो. मागे भिंतच नाही, सावली पडायला जागा नाही. तिथे भांडण फक्त वजनाशी. स्टँडचा विचार करत असाल तर लक्षात ठेवा, हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, अजिंठ्याला गेलात तर चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश बॅगेतच ठेवायचा. तिथे त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

ट्रायपॉडवर उभा कॅमेरा हा अजून एक सापळा. ट्रायपॉडचं डोकं बाजूला पाडून कॅमेरा उभा केला की कॅमेरा आणि त्याच्यापुढे फ्लॅश, दोन्ही फांदीसारखे हवेत लटकतात. स्क्रू कितीही आवळा, हळूहळू मान टाकतो. कॅमेऱ्याला एल आकाराची पट्टी मिळते. ती लावली की कॅमेरा उभा असतानाही ट्रायपॉडच्या मधोमध बसतो, लटकतो फक्त फ्लॅश. जड फ्लॅश वारंवार वापरणार असाल तर आधी ही पट्टी घ्या, नवी लेन्स नंतर.

आता स्टुडिओवाल्या काकांकडे परत जातो, कारण खरी मजा त्यांनी सांगितली. अण्णांचा फोटो दुरुस्त होईपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. विचारलं, तुम्ही पूर्वी लग्नात काय करायचात? म्हणाले, "आम्ही कॅमेरा उभा करायचोच नाही."

त्यांच्याकडे यशिका होता, दोन लेन्सचा, वरून खाली बघून फोटो काढायचा. त्यात १२० ची फिल्म, एका रोलवर बारा फोटो, आणि प्रत्येक फोटो चौकोनी, सहा बाय सहा सेंटिमीटर. चौकोनाला उभं-आडवं असतंच कुठे? फ्लॅश बाजूच्या दांड्यावर, हाताने वर धरलेला. गिऱ्हाईकाला उभा हवा तर डार्करूममध्ये उभा कापायचा, आडवा हवा तर आडवा. बातमीदार फोटोग्राफरांचे जुने फोटो बघा, त्यांच्याही कॅमेऱ्याच्या बाजूला दांड्यावर मोठा फ्लॅश दिसेल. डोक्यावर फ्लॅश चढवायची सोय नंतर आली, आणि तिच्यासोबत हे दुखणंही.

ते ऐकून मी घरी येऊन गणित केलं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, आडवा फोटो ६००० बाय ४०००. कॅमेरा न फिरवता त्यातूनच उभा तुकडा कापला, आठ बाय दहा इंची फ्रेमच्या मापाचा, तर ३२०० बाय ४००० उरतात. त्या फ्रेमच्या चांगल्या छपाईला २४०० बाय ३००० पुरतात. स्टेटस आणि रीलसाठी नऊ बाय सोळाचा तुकडा कापला तर २२५० बाय ४०००, बहुतेक फोनच्या पडद्याला ते दुपटीने जास्त आहेत. म्हणजे निम्म्या वेळा कॅमेरा उभा करायची गरजच नव्हती! फ्लॅश वर, सावली मागे, मनगट शाबूत.

फुकट काही नाही, अर्थात. माणूस तेवढाच उभा मावायला हवा तर दीडपट मागे जावं लागतं. थेट फ्लॅशचा उजेड मग सव्वादोनपट कमी पडतो, एका स्टॉपहून थोडा जास्त. आयएसओ दुप्पट केला की जवळपास भरून निघतं. झूमची लेन्स असेल तर मागेही जाऊ नका, नुसतं रुंद करा. मोठी छपाई, भिंतभर बॅनर वगैरे असेल तर मात्र खरंच कॅमेरा फिरवा, तिथे पिक्सेल लागतात.

आणि ज्यांना हे रोजचंच काम आहे त्यांच्यासाठी ब्रॅकेट. कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसणारी एक लोखंडी कमान, तिच्या टोकाला फ्लॅश. फिरता ब्रॅकेट असेल तर कॅमेरा उभा केला तरी फ्लॅश लेन्सच्या वरच राहतो. फ्लॅश आणि कॅमेरा वायरने जोडतात. एक बारीक गोष्ट: फ्लॅशच्या चौकोनी डोक्याचा झोत आडव्या फोटोच्या मापाचा असतो. ब्रॅकेटवर फ्लॅश आडवाच राहिला आणि कॅमेरा उभा झाला, तर डोक्यावर आणि पायाशी उजेड कमी पडतो. झोत एक पायरी रुंद करून घ्यायचा. गोल डोक्याच्या फ्लॅशला ही कटकट नाही. मात्र ब्रॅकेटने सावली सुधारते, वजन वाढतं, हेही लक्षात असू द्या.

मी शेवटी ब्रॅकेट घेतला नाही. रेडिओ ट्रिगर घेतला. कॅमेऱ्यावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, हलकी डबी बसते आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरून कुणाच्याही हातात जातो. कॅमेरा हवा तसा फिरवा, उजेड जिथे आहे तिथेच. आपल्या लग्नांत व्हिडिओवाल्यासोबत लाईट धरणारा एक पोरगा असतोच, त्याचीच ही छोटी आवृत्ती. घरात चुलतभाऊ असले की मनुष्यबळाचा प्रश्न नाही.

अण्णांचा फोटो काकांनी वेळेत दिला. मागची भिंत आणि सावली दोन्ही कापून मागे निळा पडदा लावला. टोपीची कड उजवीकडून जराशी कापली गेलीय, कारण सावली आणि टोपी तिथे एकमेकांत मिसळली होती. काकांचा त्यात दोष नाही, त्यांना मी तेवढंच दिलं होतं. बाकी कुणाच्या लक्षात येत नाही. मला रोज दिसते, जेवायला बसतो तिथे समोरच आहे.

दिवाळीत आजीचा फोटो काढला. घरातच, गुरुवार होता, सकाळी छावणीच्या बाजारातून आणलेली भाजी अजून ओट्यावर होती. फ्लॅश धाकट्या भावाच्या हातात, तोंड भिंतीकडे. यावेळी भिंत पांढरी निवडली. कॅमेरा उभा. आजीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता माझा पण भिंतीवर लावायचा काढून ठेवतोस का?" भावाने फ्लॅश खाली केला. मी काय बोलणार. आजी म्हणाली, "अरे धर ना वर, चष्मा काढून पण एक घे." मग सहा काढले, तीन चष्म्यासकट, तीन चष्म्याशिवाय.

पुढच्या भागात रिचार्जेबल सेलबद्दल बोलू, कारण त्या सहा फोटोंनंतर फ्लॅश भरायला चक्क दहा सेकंद घ्यायला लागला होता. तोवर, फ्लॅश कपाटात ठेवणार असाल तर त्यातले सेल काढून ठेवा.